मायची कवळी

हदगावच्या बाजारात माझा दवाखाना आहे. एके दिवशी तिथं एक म्हातारबाबा हिरड्या दाखवायला आले. त्यांचे शेवटचे चार दात मीच काढले होते. जखमा छान भरल्या होत्या. मी तसं सांगितल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि विचारलं, "डाक्टरसाब, नांदेडला कवळीचा चांगला डाक्टर कोन हाय?"

कवळी मीही करतो, असं मी म्हणालो. ते ओशाळून हसले. "तसं न्हाई हो. काढायला तुमचा हात लई हलका हाय. पन बसवायचं म्हनल्यावर जरा मोठ्याकडं जावं म्हनलं."

मी त्यांना पत्ता लिहून दिला. दुसरं काय करणार? पण अर्धं आयुष्य ह्या तालुक्याचे दात उपटले आणि तालुका मला उपटणारा म्हणूनच ओळखतो, हे त्या दिवशी कळलं. राग त्या बाबांचा नव्हता. राग ह्याचा होता की ते बरोबर बोलत होते. माझ्या कवळ्या बसायच्या, पण बऱ्याचदा माणसाच्या तोंडात कमी आणि कोनाड्यात जास्त.

म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्यांसाठी लातूरला कृत्रिम दातांचा अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. शनिवार-रविवार वर्ग, बाकीचे दिवस आपापला धंदा. शनिवारी पहाटेच्या गाडीनं नांदेड, तिथून लोहा-अहमदपूर करत लातूर. बाकावर माझ्यासारखेच दहाबारा जण, कुणी उदगीरचा, कुणी निलंग्याचा, सगळ्यांची पोटं सुटलेली आणि डोळ्यांवर झोप. शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. त्या मला "डॉक्टर" म्हणायच्या आणि माझं काम हातात घेऊन गप्प बसायच्या. त्या गप्प बसण्याची मला परीक्षेपेक्षा जास्त भीती वाटायची.

लेखी पेपरांत मी पास झालो. अडलं ते शेवटच्या केसवर. नियम असा होता की तोंडात एकही दात नसलेला एक पेशंट घ्यायचा, त्याला वरची-खालची पूर्ण कवळी करून द्यायची, सहा महिने दर महिन्याला तपासून फोटो काढायचे आणि शेवटी त्या माणसाला घेऊन मॅडमपुढं उभं राहायचं. मॅडमची सही झाली तर पदवी.

माझा पहिला पेशंट दोन महिन्यांनी लेकीकडं हैदराबादला गेला तो गेलाच. दुसरा नेमानं यायचा, "बेस हाय, बेस हाय" म्हणायचा. पाचव्या महिन्यात तो मला बाजारात भज्याच्या गाड्यावर दिसला. तोंडात भजं होतं, कवळी सदऱ्याच्या खिशात. मी समोर उभा राहिलो तर म्हणाला, "खाताना काढून ठिवतो, साहेब. तुटली बिटली म्हंजे?" आमच्याकडं ही रीतच आहे. कवळी लग्नाला, कवळी फोटोला, कवळी पाहुण्यांपुढं. जेवायच्या वेळी ती बाजूला काढायची आणि हिरड्यांनी जेवायचं. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. इथं दात खिशात ठेवून चणे खातात.

त्याला खरं बोलायला सांगून मी मॅडमपुढं नेलं आणि केस बाद झाली. मॅडम म्हणाल्या, "आणखी एकच संधी देता येईल. त्यानंतर तुमची नोंदणी संपते." लातूरहून परत येताना बसमध्ये मी हिशेब मांडत होतो. चार वर्षांचे शनिवार-रविवार गेले होते. बायकोनं चार वर्षं एकटीनं घर ओढलं होतं. आणि गावात सगळ्यांना सांगून बसलो होतो की आता आपल्याकडंच मोठं काम होणार. मला पळून न जाणारा, खिशात कवळी न ठेवणारा, सांगेल ते ऐकणारा पेशंट हवा होता.

घरी आलो तर माय ओसरीवर बसून बोटानं हिरड्यांना मिसरी लावत होती. वडील गेल्यापासून ती गावाकडचं घर बंद करून आमच्याजवळ राहत होती. तिचे दात जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मिसरीनं हिरड्या घट्ट झालेल्या. त्या हिरड्यांनी ती ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सगळं खायची. तिला कवळी नको होती. मी कधी विचारलंही नव्हतं. घरच्या वैद्याला घरचा पेशंट दिसत नाही.

"माय, तुला दात बसवायचेत."

"मला काय करायचेत रे आता दात?"

"माझी परीक्षा हाय तुझ्यावर."

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, देवळात जावं तशी माय माझ्या खुर्चीत येऊन बसली.

तिच्या खालच्या जबड्याचा फोटो मॅडमनी पाहिला तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "हाड पार झिजून सपाट झालंय, डॉक्टर. कवळीला धरायला जागाच नाही. ही केस घेऊ नका." मी म्हणालो, माझी आई आहे, सहकार्य चांगलं आहे. सहकार्य! हा शब्द वापरल्याची मला अजून लाज वाटते.

आणि मग मी आणखी एक गोष्ट केली. दात गेले की दोन्ही जबडे नको तितके जवळ येतात, गाल बसतात, हनुवटी नाकाच्या भेटीला निघते. कवळी करताना दोन जबड्यांमधलं अंतर आम्ही ठरवतो. त्याला आम्ही उंची म्हणतो. ही उंची बेताची असावी लागते. ती जास्त ठेवली तर गाल भरतात, सुरकुत्या पळतात, फोटो देखणा येतो. पण दात सारखे एकमेकांवर आपटत राहतात, जबडा दमून जातो आणि माणसाला चावता येत नाही. हे मला ठाऊक होतं. पेपरात मी त्यावर दीड पान लिहिलं होतं. तरी उंची ठरवायला मायच्या तोंडात बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर मी अजून थोडं मेण चढवलं, मग अजून थोडं. आरशात तिचा चेहरा भरत गेला आणि मला मॅडमचा खूश चेहरा दिसायला लागला.

कवळी बसवली त्या दिवशी माय वीस वर्षांनी तरुण दिसत होती. बायको दारातून बघून हसली. माय बोलली की टक्‌टक् आवाज यायचा. मी म्हणालो, सवय होईल.

मग मी तिला नियम सांगितले. रात्री झोपताना काढायची, पण दिवसा अजिबात नाही. "जेवताना तर काढायचीच न्हाई, माय. काढलीस की सरळ कळतं. मॅडम नुसती कवळी बघून सांगतात, ही काढून जेवली का घालून." हे खोटं होतं. असं काही कुणाला नुसतं बघून सांगता येत नाही. पण भज्याचा गाडा माझ्या डोक्यातून जात नव्हता, म्हणून मी आईला, लेकराला बागुलबुवा दाखवावा तसा मॅडमचा धाक दाखवला. तिनं मान डोलावली.

आमच्या घरात माय सगळ्यात शेवटी जेवते. सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात, भिंतीकडं तोंड करून. तिची सासू तशीच जेवायची म्हणून ती तशीच जेवते. मी कितीदा सांगितलं, सोबत बस, पण ऐकत नाही. त्यामुळं तिच्या ताटात काय आहे हे मला कधी दिसलंच नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिला खुर्चीत बसवून विचारायचो, "कसं वाटतंय?" ती म्हणायची, "लई चांगली बसली रे." मी वहीत लिहायचो: रुग्ण समाधानी.

दुसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, आत्या नीट जेवत न्हाईत." मी म्हणालो, वय झालंय. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "नुसतं वरण पिऊन राहिल्यात. भाकरी तशीच ठिवतात." मी जवळजवळ ओरडलोच तिच्यावर. म्हणालो, "नवीन दातांना वेळ लागतो, तुला त्यातलं काय कळतं?"

चौथ्या महिन्यात मायच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. झंपर खांद्यावरून उतरायचा. तेव्हा मी घाबरलो, पण भलत्याच गोष्टीला घाबरलो. इतकी वर्षं मिसरी लावलेलं तोंड. माझ्या मनात एकच रोग आला. मी तिला नांदेडला नेलं, रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. तोंड मी स्वतः बॅटरी लावून इंच इंच पाहिलं. काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, खाणं वाढवा. मी बाजारातून भुकटीचा डबा आणला, दुधात घालून प्यायला. ती प्यायची. मी आतून पार हललो होतो आणि तरी रोज सकाळी पहिला विचार यायचा तो हाच की देवा, अजून दोन महिने तिला काही होऊ देऊ नको. माझ्यासाठी की तिच्यासाठी, हे मी स्वतःला विचारायचं टाळायचो.

सहावा महिना भरला तो रविवार. बायकोनं पितळी डब्यात चार भाकरी, पिठलं आणि एका बाटलीत ताक दिलं. आदल्या दिवशीच आम्ही तिघं नांदेडला पाहुण्यांकडं मुक्कामाला गेलो होतो, म्हणजे मायला एकदम लांबचा प्रवास नको. बायको तिथंच थांबली. लातूरला पोचलो तेव्हा ती थकली होती, पण मॅडमच्या खोलीच्या दारात तिनं पदर सावरला आणि ताठ झाली.

मॅडमनी फोटो एकापुढं एक लावून पाहिले. पहिल्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत. "वजन कमी झालंय का यांचं?"

"वय आहे, मॅडम. तपासण्या केल्यात, सगळं चांगलं आहे."

त्यांनी मायचं तोंड पाहिलं, कवळी हलवून पाहिली, बोलायला लावलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "आजी, जेवता येतं का ह्या दातांनी?"

"हाव. समदं खाते."

"भाकरी?"

"भाकरी, शेंगा, समदं."

मॅडम उठल्या, कपाटातून स्वतःचा डबा काढला आणि भाकरीचा चतकोर मायच्या पुढं धरला. "खाऊन दाखवा बरं मला."

मायनं भाकरीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग हात जोडून मॅडमला म्हणाली, "बाई, माजा आज उपास हाय."

माय रविवारचा उपास करत नाही. ती सोमवार करते, शिवरात्र करते, एकादशी करते. सकाळी नांदेडच्या स्टँडवर तिनं दोन कप चहात खारी बुडवून... नाही, खारी मी खाल्ली होती. तिनं नुसता चहा घेतला होता. तिथं, मॅडमच्या खोलीत, सहा महिन्यांचं सगळं वरण, सगळ्या बांगड्या, बायकोचं सगळं बोलणं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढं आलं. तिला चावताच येत नव्हतं. पहिल्या दिवसापासून येत नव्हतं. आणि मॅडमना कळेल म्हणून तिनं भिंतीकडं तोंड करून बसतानाही ती कवळी एकदाही काढली नव्हती.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "उपास आहे का यांचा?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. मायचे हात अजून जोडलेले होते. मला चार वर्षं दिसली. टोपी सारखी करणारे ते बाबा दिसले.

मी म्हणालो, "हो, मॅडम. उपास आहे."

मग भाकरी डब्यात ठेवून त्यांनी झाकण लावलं आणि माझ्या वहीवर सही केली. "उंची जरा जास्त वाटते मला," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन बघा. पण फोटो चांगले आलेत."

बाहेर आवारात लिंबाखाली सिमेंटचा बाक होता. माय तिथं टेकली. मी वही पिशवीत घातली.

"झालास का रे पास?"

"हाव, माय."

"पक्कं न्हवं? आता परत न्हाई ना बघनार त्या बाई?"

"न्हाई."

तिनं आजूबाजूला पाहिलं, पदर तोंडापुढं घेतला आणि दबक्या आवाजात विचारलं, "मंग आता काढू का?"

मी मान हलवली. मला वाटतं मी रडत होतो, पण तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. तिनं दोन्ही कवळ्या काढल्या, पदराच्या टोकात गाठ मारून ठेवल्या, आणि डबा उघडला. डब्याच्या झाकणात भाकरी कुस्करली, वर ताक ओतलं, आणि खायला लागली. माझ्यासमोर, उजेडात. तिला इतक्या वर्षांत मी जेवताना पहिल्यांदा बघत होतो. ती घाईघाईनं खात होती. एक भाकरी संपली, दुसरी संपली. माझ्या वाटच्या दोन्ही मी तिच्याकडं सरकवल्या, त्याही तिनं कुस्करल्या. पिठल्याचा डबा बोटानं पुसून काढला.

मग झाकणाकडं बघत ती म्हणाली, "अजून हाय का रे?"