काशिनाथची तीन घराणी

समस्त सोयरेधायरे, ग्रामस्थ आणि हितचिंतक यांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, किन्हवलीच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये बारा वर्षे सुखाने नांदणारी तीन कुलीन घराणी गेल्या महिन्यात एकाच दुपारी, एकाच पिंजऱ्यात बुडाली. घराणी उंदरांची होती. हसा... मीही बारा वर्षं हसलो. आता मात्र डोकं इतकं तापलंय, की एवढं लिहिताना दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

ती घराणी राखणारा काशिनाथ माझा शाळेतल्या बाकावरचा मित्र. मुंबईच्या एका औषध कंपनीच्या प्राणीघरात त्याने उमेदीची वर्षं काढली. ते बंद झालं, तेव्हा उरलेले पांढरे उंदीर संपवून टाका असं वरून सांगण्यात आलं. याने तीन वेगवेगळ्या खोल्यांतल्या तीन जोड्या डब्याच्या पिशवीत घातल्या आणि गावी आणल्या. भाताच्या गावात उंदीर! "आमी कणगीत दिसला तर काठी घेतो, आन ह्यो चपाती चुरून घालतो," असं त्याच्या दारावरून जाणारा प्रत्येक जण म्हणायचा. काशिनाथला फरक पडत नसे. या पांढऱ्या उंदरांना दीड-दोन वर्षांत अंगावर गाठी येतात आणि ते मरतात, हे त्याने नोकरीत रोज पाहिलं होतं. गाठ न येता म्हातारं होणारं एक तरी घराणं आपल्या हातून उभं राहावं, एवढाच त्याचा हट्ट. आमच्याकडे लग्न ठरवताना दोन्हीकडचं देवक, म्हणजे कुळाचं पूज्य झाड, एक निघालं तर बोलणी तिथेच थांबतात. याने तोच कायदा शेडमध्ये लावला. एका जोडीला देवक दिलं उंबर, दुसरीला कळंब, तिसरीला आंबा. मुलगे घरात राहायचे, लेकी सासरी जायच्या. उंबराची लेक कळंबात, कळंबाची आंब्यात, आंब्याची परत उंबरात. तिन्ही घराणी दिसायला पांढरीशुभ्र, म्हणून शेपटीवर मार्कर पेनाने रंगाची कडी काढायची, ती पुसट झाली की आठवड्याने पुन्हा गिरवायची. मी म्हटलं, कानाला कायमची खूण कर ना. तर म्हणाला, "लेकींचे कान कापू काय रे?"

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, मुरबाडला, ऐन जेवणाच्या पंगतीतून हा माणूस उठला. व्याही म्हणाले, बसा हो, घाई काय? काशिनाथ गंभीरपणे म्हणाला, "घरी सहा पोरी वयात आल्यात. आज भावांपासून वेगळ्या नाय केल्या तर उद्या घोटाळा." व्याह्यांच्या हातातला घास हातातच. ते अजून मला खाजगीत विचारतात, तुमच्या त्या मित्राच्या पोरींचं पुढे काय झालं...

आणि आता रागाचं. दर रविवारी हा प्रत्येक उंदराचं पोट बोटांनी चाचपून पाहायचा. मुगाएवढी गाठ त्याच्या बोटांना कळायची. स्वतःच्या मानेवरची लिंबाएवढी गाठ मात्र त्याने वर्षभर मफलरखाली ठेवली. एप्रिलमध्ये मफलर! आम्ही चेष्टा केली, त्याने करू दिली. दवाखान्यात नेला तेव्हा उशीर झाला होता. काशिनाथ, तू समोर असतास तर दोन कानाखाली दिल्या असत्या.

तेराव्याला मी शेडमध्ये गेलो. त्याआधी स्मशानात गेलो होतो, रडलो होतो, पण शेडकडे मान वळवली नव्हती, म्हणजे दोन कानाखाली मलाही हव्यात. पाहतो तर छोटे पिंजरे रिकामे आणि कोंबड्यांच्या मोठ्या खुराड्यात तिन्ही घराण्यांचे नर-माद्या एकत्र. शेपट्यांवरची कडी पुसलेली. कोण उंबर, कोण कळंब, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"हे कोणी केलं?"

काशिनाथचा धाकटा भाऊ गंगाराम पुढे आला. "मीच परवा टाकले. दादा गेल्यापासून खात नव्हते रे. एकेकटे कोपऱ्यात बसायचे. म्हटलं, घरातलं मानूस गेलं, एका जागी ऱ्हावूंदे."

"अरे, तू स्वतःच्या पोरीची सोयरीक मोडलीस, देवक एक निघालं म्हणून!"

"उंदरांना कुठलं देवक?"

"तुझ्या भावाने दिलेलं!" मी ओरडलो. मांडवातली माणसं वळून बघायला लागली. गंगाराम खुराड्यातली पाण्याची वाटी भरायला लागला, आणि त्याचा मला आणखी राग आला.

मग काशिनाथची जोड्यांच्या नोंदींची वही काढली. शेवटच्या महिन्यात अंगात त्राण नव्हतं, म्हणून त्याने एकच जोडी लावली होती. उंबराची रंगी, कळंबाचा नर, आणि पुढे तारीख, जाण्याच्या आठ दिवस आधीची. रंगीच्या शेपटीचं टोक तुटलेलं, म्हणून ती एकटी ओळखू आली. तिला उचलून वेगळी ठेवली. उंदराची मादी बाविसाव्या दिवसाच्या आसपास विते. बोटांवर मोजलं, उद्या बावीस. उद्या-परवा व्याली तर पिल्लं खुराड्यातल्या गोंधळाच्या आधीची, काशिनाथने जमवलेल्या सोयरिकीची. नाही व्याली, तर बारा वर्षं पाण्यात.

मी मुरबाडला परत गेलोच नाही. गंगारामशी बोललोही नाही. त्याने चहा आणून ठेवला, मी गार होऊ दिला. सकाळी उजाडल्यावर दोघंही शेडमध्ये, एका पिंजऱ्याच्या दोन बाजूंना, जन्माचे वैरी असल्यासारखे उकिडवे बसलो. रंगी कागदाचे कपटे ओढून घरटं करत होती. ऊन पत्र्यावर आलं तरी काही नाही. मी मनातल्या मनात काशिनाथला, गंगारामला आणि स्वतःला पाळीपाळीने शिव्या घालत होतो.

आणि मग कपट्यांत काहीतरी हललं. गुलाबी, उघडं, चिंचोक्याएवढं. मग दुसरं. गंगाराम जाळीला नाक लावून मोजायला लागला. सात, आठ, नऊ... रंगी दमून आडवी झाली आणि नऊच्या नऊ तिच्या पोटाशी चिकटली. गंगाराम ताडकन उठला, खिसे चाचपायला लागला आणि माझ्यावर खेकसला,

"बघत काय बसलास? दादाला फोन लाव ना रे!"