आडनावाला शोभेल असं

चषक-ढालींच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बसून ती नऊ वर्षं पितळी पट्ट्यांवर लोकांची नावं कोरत आली होती. पट्टी सगळ्यांना एकाच मापाची. आडनाव लांब असलं की नावाचं फक्त पहिलं अक्षर, एक टिंब, आणि पुढं आडनाव अथपासून इतिपर्यंत. गिऱ्हाईक पट्टी नाकाशी धरून आडनाव तपासायचं आणि खूश होऊन जायचं. माझं नाव कुठं गेलं, असं नऊ वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं. माणसांबद्दलचं तिचं मत तिथं, पितळेच्या किसात तयार झालं होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

लग्नात तिला आठ अक्षरांचं आडनाव मिळालं. दुसरं फारसं काही मिळालं नाही. सासरा एका कचेरीच्या दप्तरखान्यातून निवृत्त झालेला. पस्तीस वर्षं सगळे त्याला आडनावानंच ओळखायचे, आणि यालाच तो कर्तबगारी समजायचा. बाकी कर्तबगारी म्हणजे फायलींना दोऱ्या बांधणं. नवरा औषधांच्या गोदामात कामाला. तो घरात शिरताना चपलांबरोबर कणाही दाराशी काढून ठेवायचा.

मुलगी तीन आठवड्यांची झाली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता नोंदणीच्या खिडकीवर नाव द्यायचं होतं. तिनं ते ठरवूनही टाकलं होतं. दोन अक्षरी, हाकेला सोपं. पाजताना दार लावून, चोरी केल्यासारखी, ती पोरीशी त्या नावानं बोलायची. ते कागदावर चढलं नाही तर पोरीचंही एक टिंब होणार, हे तिला दिसत होतं.

सासऱ्याच्या यादीत पाच अक्षरांच्या आतलं एकही नाव नव्हतं. व्हरांड्यात येरझाऱ्या घालत तो प्रत्येक नाव आडनावासकट खड्या आवाजात म्हणून बघायचा, जणू समोर सभा भरलीय. समोर वाळत घातलेली दुपटी होती.

"अहो, हळू. आत्ताशी झोपलीय ती," सासू म्हणाली.

"पडू दे कानावर. आडनावाला शोभलं पाहिजे. दोन अक्षरी नाव ठेवायला ती काय मांजर आहे?"

"मांजर निदान हाकेला वळून बघतं, दादा," सून आतून म्हणाली.

"ऐकलंस? तुझ्या बायकोची जीभ बघ."

नवऱ्यानं बघितलं नाही. तो फॉर्मवर जन्मवेळ लिहीत होता, आणि तेवढंच काम जन्मभर पुरावं असा त्याचा चेहरा होता.

संध्याकाळी सासऱ्यानं यादीतलं सर्वांत लांब नाव पक्कं केलं. लगेच सुनेला हुकूम झाला, "दारासाठी पाटी कर. सगळ्यांची नावं, नातीचंसुद्धा. आडनाव प्रत्येकापुढं पूर्ण."

तिनं बोटांनी हवेत माप घेतलं. "नातीची ओळ मावत नाही."

"मग नावाचं पहिलं अक्षर टाक."

एक क्षणही लागला नाही त्याला. नऊ वर्षांतल्या गिऱ्हाइकांना लागला नव्हता तसाच.

"तीन आठवडे ज्या नावासाठी घर डोक्यावर घेतलंत, त्याचं एक अक्षर?"

"अगं, नाव काय, घरातल्या घरात. बाहेर चालतं ते आडनाव."

"घरातल्या घरात कोण हाक मारणार तिला? तुम्ही?"

"मी कशाला? तुम्ही बायका आहात की."

"मग जी हाक मारणार ती ठेवेल," ती म्हणाली. फॉर्म तिनं नवऱ्यासमोर सरकवला, त्यावर पेन ठेवलं आणि दोन अक्षरं उच्चारली. "लिही. नाहीतर उद्या खिडकीवर मी एकटी जाते आणि आडनावाची जागा कोरी सोडून येते."

त्या घरात पहिल्यांदाच कुणी घाबरण्यासारखं बोललं होतं. सासरा खुर्चीच्या कडेला आला. नवऱ्यानं बापाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि जिची भीती जास्त वाटली तिचं ऐकलं. शौर्य म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पण नाव लिहिलं गेलं, आणि तिला तेवढंच हवं होतं.

"आडनाव तरी नीट घाल रे!" सासरा कळवळून म्हणाला आणि एकेक अक्षर सांगू लागला. बत्तीस वर्षांचा मुलगा, जन्मल्यापासून तेच आडनाव लावणारा, मान खाली घालून उतरवून घेऊ लागला. तिसऱ्या अक्षराला बापानं त्याला थांबवलं आणि पहिल्यापासून तपासलं.

ती आत गेली. दार तिनं उघडंच ठेवलं आणि पोरीला मोठ्यानं हाक मारली.