जप्तीसाठी घेतलेला डबा

फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या बसस्थानकावर परवाची दोन तिकिटं काढत होतो, करीमभाईंचं अन् माझं. त्यांची मुलगी म्हणाली, "सर, अब्बा गेले." मी उलट खेकसलो, "आता कुठं गेले? परवा निघायचंय आम्हाला!" ती नुसती रडत राहिली...

शिरड शहापूरला करीमभाई हळद पॉलिश करायचे लोखंडी ड्रम बनवत. मी शाळामास्तर, त्यांचा शेजारी आणि त्यांच्या खटल्याचा बिनपगारी कारकून. तेलंगणातला एक व्यापारी ड्रम घेऊन गेला आणि पैशाचं नावच काढीना. लोखंडवाल्याची उधारी फेडायला करीमभाईंना लेथ मशीन विकावी लागली. "निकाल लागू द्या, तीच परत आणतो," म्हणायचे. निकाल लागला, आमच्या बाजूनं. पेढे वाटले. आम्हा खुळ्यांना वाटलं, संपलं! पण माणूस परराज्यातला. मग हुकूमनामा तिकडच्या कोर्टात पाठवा, त्याआधी वसुली झाली नसल्याचा दाखला आणा, तिकडं नवा वकील शोधा... शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही दोन राज्यांतल्या चढलो.

शेवटी जप्तीचा दिवस उजाडला. सोबत कोर्टाचा बेलीफ, दारात व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर. तो स्वतः अर्थातच पसार. त्याची म्हातारी आई बाहेर आली, "पहले खाना खाओ बेटा," म्हणत ताट घेऊन. मी डोळे वटारतोय, आणि हे गृहस्थ हात धुऊन बसले! जेवण झाल्यावर बेलीफानं विचारलं, काय जप्त करायचं ते दाखवा. करीमभाईंनी मान खाली घातली. "आज न्हाई. ज्या घरचं मीठ खाल्लं, तिथून ट्रॅक्टर कसा नेऊ सर?"

"मग खाल्लं काहून?" मी भर रस्त्यात ओरडलो.

"म्हातारीनं वाढलं. न्हाई कसं म्हनू?"

वॉरंट तसंच परत गेलं. पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. हिंगोलीत उतरल्याबरोबर त्यांनी बाजारातून स्टीलचा डबा घेतला. "पुढच्या बारीला भाकर घरूनच नेऊ," म्हणाले. एवढा संतापलो होतो, तरी हसू आलं. शेवटी जप्तीची नवी तारीख मिळाली, आणि तिचीच तिकिटं काढताना तो फोन आला.

आता वकील म्हणतात, आधी वारसांची नावं लावा. लावू, दुसरं काय करणार! गेल्या आठवड्यात भाभींनी वर्कशॉप उघडलं. लेथच्या रिकाम्या जागेवरच्या खुंटीला तो डबा लटकत होता, वरची किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "सर, तुमी जा. तिथं पानीबी पिऊ नका."

जाणारच आहे. पण त्या म्हातारीनं पुन्हा ताट पुढं केलं, तर 'नको' कसं म्हणायचं... ते तुम्हालाही कुठं जमलं, करीमभाई?