धाकट्याच्या शेतातली सरळ लाइन

आमच्या शेजारचे मीटरवाले जन्मभर दुसऱ्यांच्या घरची वीज मोजत हिंडले आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच वीज विकायचं डोक्यात घेऊन बसले. गावाबाहेर त्यांचा वडिलोपार्जित माळ होता, इतका खडकाळ की गवतसुद्धा नाइलाजाने उगवायचं. तो विकून लेकीजवळ राहायला जायचं, हे वहिनींनी कधीच ठरवलेलं. मीटरवाल्यांना माळ सोडवत नव्हता. त्यावर सोलर पॅनेल उभे केले की माळही राहील आणि पैसेही येतील, असा त्यांचा हिशेब.

"ऊन फुकट आहे," ते मला ऐकवत.

"म्हणूनच तुमच्या वाट्याला आलंय," मी म्हणे. हसायचे बिचारे.

कर्ज मागायला गेले तेव्हा बँकेतल्या बाईंनी सगळं तपासलं. ऊन भरपूर, जमीन योग्य. घोडं अडलं लाइनपाशी. सबस्टेशनपर्यंत वीज रस्त्याने वळसा घालून न्यायची, तर नफा खांब-तारांतच संपणार. मधल्या शेतातून सरळ नेली, तर जमण्यासारखं होतं. मधलं शेत धाकट्या भावाचं, आणि बांधावरून वाजल्यापासून दोघांचं बोलणं बंद.

वर्षभर मीटरवाले लांबच्या वाटेचाच हिशेब उलटापालटा करत बसले.

"भावजी, तुम्ही तरी सांगा यांना," वहिनी वैतागल्या. "भावाला विचारलं तर जीभ झडणार आहे का?"

"वहिनी, जीभ शाबूत आहे. मानच वाकत नाही."

शेवटी गेले. धाकट्याने खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"ने की लाइन, दादा. मी कशाला अडवू? पण सबस्टेशनात आता आणखी वीज घ्यायला जागा कुठाय? उरलेली सगळी एका सोलर कंपनीने घेतली. माझं पलीकडचं रान गेल्या महिन्यात त्यांनाच भाड्याने दिलंय."

"मला सांगायचंस तरी."

"बोलत होतास का? त्यांना जमीन कमीच पडत होती. दोघांची मिळून दिली असती."

नवं सबस्टेशन कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माळ खडीवाल्याने घेतला.

सामान हलवायच्या दिवशी धाकटा न बोलावता आला. लोखंडी कपाट दोघा भावांनीच जिन्यावरून उतरवलं. "तिरकं कर." "हळू सोड." "बोटं सांभाळ, दादा." तेवढंच बोलले. टेम्पो निघाला तेव्हा माळाकडून सुरुंगाचा आवाज आला. मीटरवाल्यांनी काच वर घेतली.