तांड्यावरच्या विहिरीची बाटली

बाळांनो, गेल्या आठवड्यात पाण्याच्या नमुन्यांची पेटी मी एका नव्या मुलीच्या हवाली केली. बाटलीवरची बारीक अक्षरं आता मला वाचता येत नाहीत. कामाचे नियम तिला क्रमाने लिहून दिले, एक गोष्ट मात्र तोंडी सांगितली. ती तुमच्याकडेही असावी, म्हणून लिहिते.

निवृत्तीनंतर पाणी आणि आजार यांच्या एका अभ्यासासाठी मी गावोगाव नमुने गोळा करत असे. कळमनुरीकडच्या एका तांड्यावर लेकरांचे जुलाब थांबत नव्हते. माझा संशय विहिरीवर होता. तिथल्या एका आजीबाईंची नात सगळ्यांत जास्त आजारी होती. त्यांच्याच हाती मी निर्जंतुक बाटली दिली, "विहिरीचं पाणी भरून आणा" म्हटलं आणि लिंबाच्या सावलीत फॉर्म भरत बसले.

अहवाल आला: पाणी पिण्यास योग्य. माझी सही झाली की विहिरीकडे पुन्हा कोणी बघणार नव्हतं. मन मानेना, म्हणून आधी तांड्यावर गेले. आजीबाईंनी तांब्या पुढे केला. पाण्याला चुलीच्या धुराचा वास होता.

"हे कुठलं पाणी?"

"विहिरीचंच, बाई. गाळून, उकळून ठेवलं. तुमी येणार म्हणलं की तसंच करते."

"आणि त्या दिवशी बाटलीत?"

"त्यात बी हेच. बाटली कढत पाण्यानं विसळली बी होती. पाहुण्याला गढूळ पाणी देऊ व्हय?"

त्यांची सून हसत म्हणाली, "शिकलेल्या बाई सावलीत बसल्या, मग दुसरं काय होणार!"

मी तांब्या खाली ठेवला. मग विचारलं, "नातीला का नाही देत उकळून?"

"काहून? ती का पाहुणी हाय?" आजीबाई बोलून गेल्या, आणि आत निजलेल्या पोरीकडे बघत राहिल्या.

दुसरी बाटली दोरीला बांधून मी स्वतः विहिरीत सोडली. या वेळी पाणी दूषित निघालं. पहिला अहवाल चुकीचा, आणि चूक माझी, असं मी लेखी कळवलं. विहीर उपसली गेली, गुरं धुण्याची जागा लांब हलवली. पोरीचे जुलाब थांबले.

आजीबाई आता नाहीत. विहीर आहे, तिच्यात अजून नेमाने औषध पडतं, आणि सून घरातल्या सगळ्यांसाठी पाणी उकळते.