डावा गाल, उजवा गाल

डावा गाल संपवून मी दाढीच्या मशीनचं डोकं उघडलं, पातं काढलं, निळ्या पाकिटातलं नवं घातलं आणि उजव्या गालावर पहिला हात फिरवला. हे ओढत नव्हतं. नुसत्या मशीनच्या वजनानं खाली येत होतं...

डाव्या गालाला हिरवं पाकीट वापरलं होतं. 'नाजूक त्वचेसाठी' असं त्यावर छापलेलं, म्हणून माझी सगळी भिस्त त्याच्यावर. जबड्याच्या हाडाशी ते अडलं, माझा दाब वाढला आणि फेसात एक लाल ठिपका उमटला.

हा खटाटोप माझ्यासाठी नव्हता. माझे वडील, आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि उंब्रजजवळच्या आमच्या गावी राहतात. रोज सकाळी दाढी... सुट्टीवर घरी यायचे तेव्हाही हा नेम मोडला नव्हता.

यंदा त्यांना स्टेंट बसवला आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. हाताला थोडी थरथरही आली. एका सकाळी हनुवटीखाली कापलं. जखम क्षुल्लक होती, पण तुरटी झाली, कापूस झाला, रक्त थांबेना. त्यानंतर त्यांनी मशीनला हात लावला नाही.

गोळीचं ऐकून गावातल्या न्हाव्यानं हात जोडले. डॉक्टरांनी इलेक्ट्रिक ट्रिमर सुचवला, तो मी नेऊन दिला. आबांनी तो चालू करून कानाशी धरला. "मेंढरं कातरायचं मशीन हाय ह्ये," म्हणाले, आणि खोक्यात परत ठेवून दिला.

दाढी वाढली तसं त्यांचं पारावर जाणं थांबलं. बाहेर पडायचे ते फक्त दवाखान्यापुरते. आईला याचीच काळजी होती... गोळीची नव्हती, या घरात बसण्याची होती.

म्हणून मी सांगलीहून येताना मिळतील ती पाती आणली. मीच दाढी करून देणार होतो, पण त्याआधी पातं माझ्या गालावर पारखायचं. कमी धारेचं ते सुरक्षित, असं मला वाटत होतं. हिरव्या पाकिटानं तो समज खोडून काढला. बोथट पात्याला जोर लागतो, आणि कापतो तो जोर.

उजवा गाल निम्मा झाला होता तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. तासगावचे तात्या, आबांचे आतेभाऊ. एरवी वेशीपासून हाका मारत येणारा माणूस... त्या दिवशी रामराम नाही, काही नाही. जोत्यावर खाली मान घालून बसले.

आबा बाहेर आले. तात्यांचा चेहरा पाहून तेही न बोलता शेजारी बसले. मी तोंडाला फेस तसाच ठेवून दारात उभा. तात्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

मग आई चहा घेऊन बाहेर आली. तात्या उठून उभेच राहिले.

"वैनी... तुमी हायसा व्हय?"

"मग कुटं जाऊ?" आई म्हणाली.

तात्या मटकन खाली बसले. आबा हळू आवाजात म्हणाले, "तात्या, कोन गेलं रं तुमच्यात?"

"आमच्यात? आमच्यात कोन न्हाई गेलं. तुमच्यात कोन गेलं?"

"आमी सगळी हाय की हितं."

"मग दाढी कशापायी वाढवलीया, सुभेदार? आमच्या पोरीनं तुला दवाखान्यात लांबनं बघितला. म्हनली, काकांची दाढी वाढलीया, काकी संगं न्हाई. तुझी दाढी एक दिस चुकत न्हाई... दुसरं काय समजायचं मानसानं?"

"आवं, फोन तरी करायचा," आई म्हणाली.

"फोन करून काय इचारू? वैनी हाय का गेली? आन् हितं येऊन बघतो तर ह्यो सुतकात दाढी करत उभा. ती बी निम्मी. म्हनलं शिकल्याली मानसं, काय बोलायचं."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. तिचं हसू आतून बराच वेळ ऐकू येत होतं. आबा मात्र हसले नाहीत. गालावरून हात फिरवत बसले.

"बायकू जिती हाय आन् पावनं दुखवट्याला याय लागलं," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आन तुजं त्ये सामान."

मी निळ्या पाकिटातलं कोरं पातं घातलं. गरम पाण्याचा टॉवेल, भरपूर फेस, आणि हात फक्त वरून खाली... उलटा हात घ्यायचाच नाही. तात्या चहा घेत समोरून बघत होते. "कानाजवळ ऱ्हायली बघ," एवढंच अधूनमधून.

हनुवटीखाली आलो तेव्हा माझाच हात थांबला. आबांनी डोळे मिटून मान वर केली होती. त्वचा ताणली, दाब अजिबात दिला नाही, मशीन सोडून दिल्यासारखं उतरू दिलं... पांढरा फेस पांढराच राहिला.

तोंड पुसलं. कापूस जिथं ठेवला होता तिथंच कोरडा होता. मग मी माझा उरलेला निम्मा गाल उरकला.

निघताना तात्या दारातून मोठ्यानं म्हणाले, "येतो बरं का." दुखवट्याच्या घरातून निघताना हा शब्द कुणी उच्चारत नाही. तो इतका साधा आणि इतका चांगला शब्द आहे, हे मला पहिल्यांदाच जाणवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चहा पिऊन पारावर गेले. "बघू दे लोकास्नी," म्हणून आईला त्यांनी सोबत यायला सांगितलं होतं. ती देवळापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेली.