पांगा गं, पांगा!

आज सकाळी मस्कतमधल्या वादी अदाई भागातल्या घरी चहा पीत बसले होते, तेवढ्यात अमेरिकेत शिकणाऱ्या आमच्या निहारचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, उद्या कॉलेजची फुटबॉल मॅच आहे. आमचे प्लेयर मैदानभर पसरून अटॅक करतात. पण समोरचा डिफेन्स जाम स्ट्राँग आहे. हरणार आम्ही!"

"काही हरत नाही," मी म्हटलं. "शाळेत आम्ही आट्यापाट्या खेळायचो. पाटी अडवणारी कितीही दांडगी असू दे, आमची कॅप्टन शुभा ओरडायची, 'पांगा गं, पांगा!' पाटीवाली एकीला अडवायला धावली की बाकीच्या पार! मग सगळ्या पाट्या ओलांडून परत आलं की लोण पूर्ण."

खरं सांगते, बोलताना तळपायाला कराडच्या मैदानाची तापलेली माती लागली.

"आता कुठे आहे तुझी टीम?" निहारने विचारलं.

"शुभा मेलबर्नला, लता नागपूरला, मी इथे मस्कतला. बाकीच्या कुठे आहेत, देव जाणे."

"म्हणजे तुम्ही सगळे पांगला," तो त्याच्या अडखळत्या मराठीत म्हणाला. "पण लोण बाकी आहे ना?"

कॉल संपल्यावर मी हे लिहायला बसले.

शुभे, हे वाचत असशील तर तूच सांग. पांगलो, पारही झालो. परत कधी यायचं?